शिरोरेघ आणि चौकट

दिवाळी अंक घरात आला म्हणजे प्रत्येक जण आपापल्या वाटेने त्यात शिरतो. कोणी कथा शोधतो, कोणी राशिभविष्य, मुले आधी व्यंगचित्रांकडे धावतात. मागाहून कथेवर वाद होतात, मुखपृष्ठावर तर होतातच होतात. पण कथेच्या मथळ्याभोवती आखलेली चौकट, पानाच्या कोपऱ्यात बसवलेली पणती, दोन रकान्यांच्या मधोमध उभी असलेली बारीक रेघ, यांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांतील साहित्याला वाचक आणि टीकाकार दोन्ही लाभले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केले आणि चित्रांनाही रसिक मिळाले. पानावर आकार काढणाऱ्या आणि ते मांडणाऱ्या माणसाची पाळी मात्र अजून आलेली नाही.

ती यावी असे मला वाटते, आणि त्यासाठी दिवाळी अंक जरा बाजूला ठेवून मी त्याहून पुष्कळ साधा कागद हाती घेणार आहे. तो म्हणजे मंडईचे पत्रक.

पुण्यामुंबईच्या वाचकाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. भंडारा-गोंदियाकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. भाऊबीजेच्या सुमारास हलके धान निघू लागलेले असते, आणि मग आज या गावी, उद्या त्या गावी, अशी मंडई भरत जाते. दुकाने लागतात, पाळणे उभे राहतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीचे पहिले बोलणे पुष्कळदा याच गर्दीत निघते, आणि रात्री दंडार नाही तर नाटक असते. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी आणि तिच्या आसपासची गावे घेतली, तर दिवाळीच्या पंधरवड्यात पानटपरीवर, सलूनच्या आरशाशेजारी, एसटीच्या थांब्यावर ही पत्रके चिकटलेली दिसतील. झाडीपट्टीतील नाटक कंपन्यांचे मोठे ठाणे गडचिरोली जिल्ह्यात वडशाला. त्यांची रंगीत भित्तिपत्रकेही याच भिंतींवर येऊन बसतात. गावात एखाद्याने वर्षभरात पुस्तक उघडले नसेल, पण हे पत्रक त्याने वाचलेले असते, आणि एकदा नव्हे, येताजाता दहा वेळा. आपल्या खेड्यापाड्यांत आज जी चित्रकला खरोखर पाहिली जाते ती हीच. प्रदर्शनातील चित्रांवर आपण रकानेच्या रकाने लिहितो आणि या कलेकडे पाठ फिरवतो, हे काही न्यायाचे नाही.

ही पत्रके घडतात ती बाजारगावच्या एखाद्या डीटीपी केंद्रात, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. उन्हाळ्यात तोच ऑपरेटर लग्नपत्रिका करतो, पावसाळ्यात दाखल्यांचे नमुने, निवडणूक आली की उमेदवारांचे फलक, आणि एरवी वाढदिवसाचे फ्लेक्स. त्याच्या हाताखालचा कोरलड्रॉ १९८९ साली कॅनडात जन्मला. त्याच्या आधीचा पेजमेकर १९८५ सालचा. तो आल्डस नावाच्या कंपनीने काढला होता, आणि हे नाव पाचशे वर्षांपूर्वीच्या आल्डस मनुशियस या व्हेनिसच्या मुद्रकाचे. त्या कंपनीचा संस्थापक पॉल ब्रेनर्ड यानेच टेबलावरच्या या छपाईला आज रूढ असलेले इंग्रजी नाव दिले, ज्याची तीन आद्याक्षरे आता तालुक्याच्या प्रत्येक गल्लीत पाटीवर दिसतात. कंपनी १९९४ साली अडोबीत विलीन झाली, पेजमेकर पुढे बंद पडला. पण त्याने लावलेल्या सवयी बंद पडल्या नाहीत.

त्या सवयी काय आहेत? माऊस धरून तिरपा ओढला की चौकोन. ठरलेली कळ दाबून ओढला की नेमका समचौरस. दुसरे साधन घेतले की लंबवर्तुळ, आणि तीच कळ दाबली की पूर्ण वर्तुळ. तिसऱ्यात बहुकोन, तारा, सूर्यफूल, हवे ते. काढलेला आकार दुसऱ्याच्या पुढे आणावा, मागे सारावा, चार आकारांची मोट बांधावी, ती पुन्हा सोडावी. कोरलड्रॉत तर मांडणीसुद्धा एकेका अक्षरावर येऊन ठेपली आहे: एल दाबले की सारे डावीकडे, आर दाबले की उजवीकडे, पी दाबले की पानाच्या ऐन मध्यावर. पूर्वी ज्यासाठी पट्टी, गुण्या आणि अर्धा दिवस लागे ते आता श्वास घेण्याइतक्या वेळात होते.

आणि नेमके इथेच माझ्या तक्रारीला सुरुवात होते.

खिळ्यांच्या छापखान्यात आकाराला किंमत होती. रेघ हवी तर पितळी रूळ मापाने कापावा लागे. चौकट हवी तर चार रूळ, आणि चार कोपरे असे भिडवावे लागत की फटीतून उजेड दिसू नये. वेलबुट्टीची किनार लहान लहान तुकडे शेजारी शेजारी बसवून तयार होई. तुकडा अर्धा करता येत नसे, म्हणून चौकटीची लांबी तुकड्यांच्या हिशेबानेच ठरे आणि कोपऱ्यात फूल पुरेच्या पुरे येई. वर्तुळ तर चैनच. त्यासाठी शहरातून ब्लॉक करून आणावा लागे. साहजिकच वर्तुळ ज्याला शोभेल त्यालाच मिळे. कंपोझिटरची सौंदर्यदृष्टी दैवी होती असे मी म्हणत नाही. त्याच्याही पत्रिकांत दहा प्रकारची अक्षरे खिचडीसारखी शिजलेली असत. पण धातू त्याला आवरीत असे.

त्या धातूचा सर्वांत मोठा उपकार शिरोरेघेवर होता, आणि तो आपल्या कोणाच्या ध्यानातच आला नाही. रोमन अक्षरे जमिनीवर उभी राहतात. आपली अक्षरे दोरीला लोंबतात. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर काढला आणि राणोजी रावजी आरूंच्या हातच्या ठशांनी तिथले देवनागरी टंक घडवले. त्या टंकांची सारी ऐट, खिळ्याला खिळा भिडला की शिरोरेघेला शिरोरेघ भिडते, या एका गोष्टीवर उभी होती. एका मापाच्या खिळ्यांत ती रेघ ठरल्या उंचीवरच ओतलेली असे. कंपोझिटरने मनात आणले असते तरी एका ओळीतले 'कमल' वर आणि 'कुसुम' खाली, असे त्याला करता आले नसते.

संगणकावर ते विनासायास होते. मंडईच्या पत्रकात कार्यकारिणीची नावे असतात. ऑपरेटर सारख्या मापाच्या तीन पेट्या एका ओळीत आखतो, तीत तीन नावे टाकतो आणि प्रत्येक नाव आपापल्या पेटीच्या मध्यभागी आणण्याची आज्ञा देतो. आता हे यंत्र मध्य काढते कसा? एकदा अक्षरांचे चित्र झाले की त्याला अक्षर कळत नाही. ते शब्दाच्या सर्वांत वरच्या टोकापासून सर्वांत खालच्या टोकापर्यंत एक अदृश्य खोके कल्पते आणि त्या खोक्याचा मध्य पेटीच्या मध्यावर ठेवते. 'कमल'ला वर काही नाही, खाली काही नाही. तो नीट बसतो. 'शिरीष'च्या वेलांट्या शिरोरेघेच्या वर उसळतात, खोके वरून उंच होते, म्हणून अक्षरे खाली सरकतात. 'कुसुम'ला खाली दोन उकार, म्हणून अक्षरे वर चढतात. हिशेब तिन्हीकडे चोख, आणि शिरोरेघा तीन उंचींवर! पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही. त्याला एवढेच वाटते की पत्रक काहीसे डुलते आहे. रोमन लिपीतही असा फरक पडतो, पण तिथे डोक्यावरून जाणारी रेघ नसल्याने तो झाकून जातो. आपल्याकडे ती रेघच चुगली करते.

उपाय सोपा आहे. पडद्याच्या पट्टीवरून एक आडवी मार्गरेषा ओढावी, आणि सारी नावे मध्यावर न आणता त्या रेषेवर टांगावीत. आडवा मध्य यंत्राने काढावा, उभा मध्य माणसाने. एवढ्याने निम्मी पत्रके सुधारतील अशी माझी खात्री आहे.

दुसरी गोष्ट चौकटीच्या अंतराची. यंत्राबरोबर येणारे तयार नमुने रोमन अक्षरांच्या मापाचे असतात. त्यांच्या पेट्या अंगाला घट्ट बसतात. त्यांत मराठी मथळा घातला की रफार आणि अनुस्वार छताला टेकतात आणि पेटीची वरची कड व शिरोरेघ या दोन आडव्या रेघा एकमेकींशी भांडू लागतात. आपल्या अक्षराला डोक्यावर मोकळे आकाश हवे. अक्षराच्या उंचीच्या निम्मे तरी. आणि शब्दाखाली रेघ मारण्याची ती इंग्रजी सवय! जिथे उकार लोंबतात तिथूनच ती रेघ आडवी कापीत जाते. ज्या लिपीने आपल्या डोक्यावर जन्मतःच रेघ घेतली आहे तिला आणखी पायाखाली दुसरी कशाला?

तिसरा प्रकार कमानीचा. ग्रामपंचायतीच्या गोल शिक्क्यापासून मंडईच्या मथळ्यापर्यंत अक्षरे वळवून बसवण्याची हौस सर्वांना आहे, आणि हौस वाईट नाही. पण वळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत अक्षरे वर्तुळाच्या कडेवर एकेक करून उभी केली जातात. रोमन अक्षरांना ते सोसते. आपल्या अक्षरांचे पाय जवळ येतात, डोकी फाकतात, शिरोरेघेचे तुकडे तुकडे होतात. जुन्या पद्धतीच्या टंकांत तर मात्रा आणि वेलांट्या आपली अक्षरे सोडून भलतीकडे कलंडतात. दुसऱ्या रीतीत अख्ख्या शब्दाला एका लवचिक आवरणात घालून ते आवरण वाकवायचे असते. त्यात अक्षरही थोडे वाकते, पण शिरोरेघ अखंड राहते, तोरणासारखी. दुसरी रीत त्याच यंत्रात, त्याच ऑपरेटरच्या हाताशी आहे. पण पहिली आधी सापडते म्हणून तीच वापरली जाते.

नावे ताणण्याबद्दल फार लिहीत नाही. पेटी लहान आणि नाव लांब असेल तर ते दाबायचे, आखूड असेल तर ओढायचे. शेजारी शेजारी एक नाव क्षयाने खंगलेले आणि दुसरे जलोदराने फुगलेले. बोरूच्या तिरक्या छाटणीतून आलेले जाड-बारीक अंग एका क्षणात नाहीसे होते. सावल्या, चकाकणाऱ्या कडा, सात रंगांचे ढाळ यांविषयीही माझे मत याहून वेगळे नाही.

'कर्व्ह करणे' या प्रकारावर मात्र थांबले पाहिजे. ऑपरेटरकडे जो मराठी टंक आहे तो छपाईवाल्याकडे असेलच असे नाही. श्रीलिपीसारख्या संचांतील टंक नसला की मजकुराच्या जागी चिन्हांचे कडबोळे उमटते. म्हणून पाठवण्यापूर्वी सारी अक्षरे वक्ररेषांच्या चित्रांत रूपांतरित करायची. बोलीभाषेत 'कर्व्ह करून पाठव'. या वक्ररेषांचे गणित फ्रान्समध्ये मोटारींचे पत्रे घडवताना निघाले. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो याने १९५९ साली ते मांडले आणि रेनोमध्ये पिएर बेझिए याने १९६०नंतर ते गाजवले. मौज अशी की करडीकडच्या लग्नपत्रिकेवर 'श्री'ची वेलांटी ज्या वळणाने वळते ते वळण एका परदेशी मोटारीच्या बॉनेटचे सख्खे भावंड आहे.

पण एकदा कर्व्ह केले की ते लेखन उरत नाही, चित्र होते. त्यात नवे अक्षर टाइप करता येत नाही. आणि चूक नेहमी त्यानंतरच सापडते! मग ऑपरेटर काय करतो? दुसऱ्या ओळीतला एक अनुस्वार उचलतो, इथे आणून चिकटवतो; एखाद्या 'रा'चा काना कापून 'र' करतो. ही हातचलाखी पाहण्यासारखी असते, आणि मला तिचे कौतुकही आहे. खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसवणाऱ्या कंपोझिटरचाच हा वंशज. परंतु ज्या घरच्या मुलीचे नाव पत्रिकेत चुकून छापले गेले आहे तिथे कौतुकाला कोण विचारतो? युनिकोडमुळे हा खटाटोप आता पुष्कळसा टळू शकतो. र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' विंडोजवर मिळतो. मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बालू' कोणालाही फुकट मिळतात. टंक दोघांकडे एकच असला की अक्षर शेवटपर्यंत अक्षर राहते. तरी सवयीने कर्व्ह चालूच आहे.

इथे कोणी म्हणेल, "अहो, हे शहरी चोखंदळपण झाले. मंडळाला पत्रकात पन्नास नावे आणि तीस फोटो हवे असतात; ऑपरेटर बिचारा काय करील?" हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. मंडईच्या पत्रकातील गर्दी हा दोष नव्हे. मंडई म्हणजेच गर्दी. ज्याने वर्गणी दिली, ज्याने मांडवाचे बांबू दिले, ज्याच्या वाड्यात नटमंडळी उतरणार, त्या प्रत्येकाचे नाव हा मानाचा विडा आहे, आणि पांढऱ्या जागेच्या हौसेपायी तो विडा नाकारणे असभ्यपणाचे होईल. परदेशी पुस्तकांतून शिकलेला संकल्पक तीस फोटोंतले सत्तावीस काढून टाकील आणि सुंदर, निर्जीव पत्रक करील. ते मला नको. गर्दी आणि गोंधळ यांत फरक आहे, एवढाच माझा मुद्दा. लंबवर्तुळातल्या तीस चेहऱ्यांचे डोळे एका ओळीत आणता येतात. एका मापाची तीस वर्तुळे समान अंतरावर वाटून देणारी आज्ञा त्या यंत्रात आहे. ती वापरली की पंगत बसल्यासारखे दिसते. अध्यक्षांचे वर्तुळ मोठे करायचे की नाही हा प्रश्न मंडळाने सोडवावा. त्याला यंत्राकडे उत्तर नाही आणि टीकाकाराकडेही नाही.

खरे म्हणजे आकार वाटून देण्याचे शिक्षण आपल्याकडे घरोघर होते. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरे काय? आधी ठिपके, मोजून, हाताच्या अंदाजाने समान अंतरावर; मग रेघ; मग रंग. ओळ चुकली तर रंग कितीही चांगला असो, शेजारीण थांबते आणि काही न बोलता पुढे जाते. संगणकावर ठिपक्यांची जाळी दाखवून रेघ आपोआप ठिपक्याला चिकटवण्याची जी सोय आहे, ती कळायला घरातल्या आजीला दोन मिनिटेसुद्धा लागणार नाहीत.

आणि आकार शोधायला मोहाडी तालुक्याने लांब जाण्याचे कारणच नाही. या पत्रकांच्या कडेला मला ग्रीक पाने दिसतात, मोगली कमानी दिसतात, तयार चित्रांच्या सीडीतून आलेल्या कुठल्याशा विलायती द्राक्षवेली दिसतात. त्याच तालुक्यात, मोहाडी-आंधळगावच्या मागांवर, कोशाच्या लुगड्यांना करवती काठ विणला जात आला आहे. काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे भेटतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची रांग असते. ही रांग शोभेसाठी वरून लावलेली नाही. काठाचे आडवे सूत वेगळ्या धोट्याने जाते, अंगाचे वेगळ्या धोट्याने. दोन सुते एकमेकांत अडकवीत, एकेक पायरी पुढे-मागे घेत विणकर जातो, आणि त्या सांध्यातून दाते उमटतात. सांधा लपवण्याऐवजी त्याचीच नक्षी केली, हे त्यातले शहाणपण. संगणकावर हे दाते काढणे म्हणजे एक त्रिकोण, आणि समान अंतराने त्याच्या प्रती. पत्रकाची रुंदी त्रिकोणाच्या पटीत धरली की कोपऱ्यात दाता मोडत नाही. खिळ्यांच्या किनारीचाच जुना हिशेब. जिथे मजकूर संपून फोटो सुरू होतात तिथे अशी एक करवत आडवी टाकली तर दोन भागांत भिंत न घालता दोन्ही वेगळे होतील. मला मिळालेल्या पत्रकांत अशी एकही किनार नव्हती. धानाची लोंबी एका पत्रकात होती. बहुधा ऑपरेटरने स्वतः काढलेली. दाणे थोडे वेडेवाकडे, पण सगळ्या कागदात डोळा ठरतो तो तिच्यावरच.

शिरोरेघेचा नियम मी इतक्या आग्रहाने सांगितला, त्याला एक अपवाद नोंदवून ठेवतो. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'किलबिल' असते. घरच्या लहान मुलांची नावे आणि मामाच्या लग्नाला यायचे बोबडे आमंत्रण. ही ओळ ऑपरेटर हटकून लाटेवर बसवतो. अक्षरे सुटी होतात, कोणी वर उडी मारतो, कोणी खाली घसरतो, एखादी वेलांटी शेजारच्या चिमणीच्या शेपटीत अडकते. वरच्या साऱ्या पत्रिकेत जे खटकले तेच इथे शोभते. तेवढी एक ओळ त्याने आहे तशीच ठेवावी.